पाठ असलेला तक्ता

सोमवार, ६ जानेवारी

उद्यापासून हॉस्पिटलात योगाचा वर्ग, योगाने आमच्या आजारात काय फरक पडतो त्याच्या अभ्यासासाठी. सोळा आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला. त्यांनी एक वही दिली आहे, तिच्यात रोजचा थकवा एक ते दहाच्या पट्टीवर लिहायचा. ती वही त्यांची, ही माझी. तिथे 'थकवा सहा' लिहीन आणि इथे त्या दिवशी कुणावर खेकसले ते लिहीन.

चार वर्षांपूर्वी माझा डावा पाय पावलापासून गुडघ्यापर्यंत बधिर झाला. मी चपलांना दोष दिला आणि तीन जोड बदलले. मग बोटांतून स्क्रू निसटायला लागले. चष्म्याच्या दुकानात हे चालत नाही. ताईने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि त्यांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपलं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच आपल्या मज्जातंतूंच्या आवरणावर तुटून पडतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ एक एक गोळी, त्या पेशी कमी करायला. तेव्हा बाईंनी बजावलं होतं, "तुमची प्रतिकारशक्ती कमी नाहीये, ती तुमच्यावरच उलटलीये. कुणी वाढवायचे उपाय सांगितले तर हो म्हणा आणि विसरून जा."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दुकान आमच्या बाबांचं. मी पुढे नंबर काढते, ती मागच्या खोलीत भिंगं घासते आणि फ्रेममध्ये बसवते. ती विधवा, मी बिनलग्नाची, दोघी वरच्याच मजल्यावर राहतो. बोलण्याचं खातं माझ्याकडे, गप्प बसण्याचं तिच्याकडे.

मंगळवार, ७ जानेवारी

दुसऱ्या मजल्यावरचा लांबट हॉल, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, पंखे मोठ्या वेगावर. उकाड्याने आमचं दुखणं बळावतं म्हणून. आम्ही अकराजण, सगळे याच आजाराचे. योगाचे सर किडकिडीत, आवाज मात्र भारदस्त. पहिलंच वाक्य बोलले, "हे औषधाच्या जागी नाही, औषधासोबत आहे. सोळा आठवडे कुणीही गोळ्या-इंजेक्शनं आपल्या मनाने बदलायची नाहीत. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं?" सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मीही केली.

आधी रक्त, मग घड्याळ लावून पंचवीस पावलं चालणं, मग नजर. नर्सने भिंतीवर तक्ता टांगला आणि मला हसू फुटलं. आमच्या दुकानातलाच तक्ता, त्याच छापखान्याचा. बावीस वर्षं रोज समोर आहे, झोपेत म्हणून दाखवेन. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "असू दे हो, आमच्याकडे एकच आहे." माझ्या मागे काठी घेऊन एक गृहस्थ उभे होते. म्हणाले, "पेपर फुटलाय म्हणायचा." हे पूर्वी बसचे कंडक्टर होते. पाय लटपटायला लागले तसे डेपोत टेबलाच्या कामाला बसवलं. ते दर आठवड्याला इंजेक्शन घेतात. वर्गातून निघताना सगळ्यांना म्हणतात, "चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका."

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा माझा आकडा ०.६. नर्स म्हणाली, गोळ्या चालू असताना असाच कमी येतो.

शुक्रवार, २४ जानेवारी

झोप लागते! गेल्या चार वर्षांत अशी लागली नव्हती. भ्रामरीत ओठ मिटून गुणगुणलं की कपाळ हलकं होतं. ताडासन मी भिंतीला पाठ लावून करते, कंडक्टर खुर्चीची पाठ धरून. त्या वहीत आज थकवा चार लिहिला आणि तो खरंच चार होता.

गोळ्यांचा मात्र वैताग आहे. घेतली की अर्ध्या तासात चेहरा लालबुंद होतो, कान जळतात, पोटात मुरडा येतो. आज एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर काढत होते, तर ते म्हणतात, "बाई, रागावलात का? मी हळूहळू वाचतो." काय सांगणार त्यांना.

बुधवार, ५ फेब्रुवारी

इथे खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहिते. गोळ्यांचा नवा डबा पाच दिवस उशिरा आला. ते पाच दिवस माझे सोन्यासारखे गेले. ना तोंड भाजलं, ना पोट दुखलं. सकाळी आसनं, दिवसभर दुकान, संध्याकाळी जिनासुद्धा न थांबता चढले. काल डबा आला. गोळी हातात घेतली आणि परत ठेवली.

हॉस्पिटलात रिकामा डबा दाखवावा लागतो. म्हणून रोजच्या दोन गोळ्या चष्म्याच्या एका जुन्या डबीत टाकते. करड्या रंगाची, बिजागरी सैल झालेली डबी, माझ्या खणात मागे. थोडे दिवस बघू. योगच इतकं करत असेल तर हे विष कशाला पोटात घालायचं?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

थकवा तीन. सर म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावर फरक दिसतो." मी दिवसभर गाणं गुणगुणत होते. ताईने मागच्या खोलीतून डोकावून पाहिलं आणि हसली. ती हसली की तिच्या गालाला आईसारखी खळी पडते.

शुक्रवार, ७ मार्च

आठ आठवडे झाले म्हणून मंगळवारी पुन्हा रक्त घेतलं होतं. आज नर्सच्या मागे लागून आकडा मिळवला. १.४! दुपटीहून जास्त! अगदी निरोगी माणसाचा आकडा. नर्स म्हणाली, "अरे वा, वाढल्यात की." डॉक्टरीणबाई सोळा आठवडे पुरे झाल्याशिवाय हे आकडे बघत नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर?" मी म्हटलं, "हो." तोंडातून इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

मग व्हरांड्यात कंडक्टरांनी गाठलं. म्हणाले, "बाई, तुम्ही जिना चढता, मी पायरी मोजतो. गुपित काय ते आम्हालाही कळू द्या." त्यांच्या दंडावर इंजेक्शनची गाठ होती. त्यांना ते घेतलं की दीड दिवस हुडहुडी भरते. मला राहवलं नाही. आकडा सांगितला आणि गोळ्या सोडल्याचंही सांगितलं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे विनातिकीट प्रवास चाललाय."

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं.

"कंडक्टरलाच सांगताय," असं म्हणून हसले.

शनिवार, १५ मार्च

बाबांनी दुकान सुरू केलं तो हा दिवस. बाबांचा नियम होता की नंबर काढणाऱ्याने स्वतःचे डोळे कधी स्वतः तपासायचे नाहीत. दरवर्षी आजच्या दिवशी आम्ही बहिणी एकमेकींचे तपासतो. ताईने खुर्ची पुसून ठेवली होती. मी म्हटलं, "राहू दे गं, हॉस्पिटलात तपासतातच. गिऱ्हाइकं खोळंबलीत." तिचे मात्र तपासले. तिचा नंबर तोच आहे. ती खुर्ची संध्याकाळपर्यंत तशीच होती.

गुरुवार, २० मार्च

लाल फ्रेमचा गठ्ठा आला. रंग विटका, विटेसारखा. मी व्यापाऱ्याला फोन करून चांगलं सुनावलं की लाल मागवला होता, हा काय पाठवलात. तो बिचारा शपथा घेत होता. ताईने एक फ्रेम उचलली, उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू दे, मला चांगला वाटतोय." तिला सगळंच चालतं. वरची ट्यूबसुद्धा बदलायला हवी, हल्ली दुकानात धुरकट वाटतं.

मंगळवार, १ एप्रिल

सरांनी डोळ्यांच्या हालचाली घेतल्या. उजवीकडे बघताना उजव्या डोळ्याच्या मागे दुखतं. नवीन व्यायाम आहे, सवय झाली की थांबेल.

कंडक्टर आज खुशीत होते. काठी भिंतीला टेकवून चार पावलं चालून दाखवली. निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मीही उतरलो बरं का तुमच्याच थांब्यावर. तीन आठवडे सुई टोचली नाही. पहिल्यांदा रविवार माणसासारखा गेला." त्यांना तो आकडा सांगायला नको होता का? पण माणूस इतका आनंदात होता. आणि त्यांचं त्यांना कळतं, ते काही लहान नाहीत.

मंगळवार, ८ एप्रिल

आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी चष्मे परत आणले. मी काढलेल्या नंबराचे आहेत आणि दोघांचं एकच म्हणणं, नीट दिसत नाही. मी म्हटलं, सवय व्हायला वेळ लागतो. ताई त्यांना मागे घेऊन गेली. दार लोटून पुन्हा तपासत बसली. माझ्या हातच्या कामावर हात फिरवायची ही नवीच खोड. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिला काय, ती नेहमीच बोलत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

सोळा आठवडे संपले. रक्त, चालणं, नजर. चालणं चार सेकंदांनी सुधारलं. मग नर्सने तक्ता टांगला. या खेपेला छपाई पुसट वाटली, बहुतेक वापरून विटला. डावा डोळा झाकून उजव्याने वाचलं, एकेक अक्षर, वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठेही न अडखळता. नर्सने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, तुमचं उदाहरण पुढच्या वर्गाला सांगणार.

कंडक्टर आले नव्हते. शेवटच्या दिवशी दांडी म्हणजे काय? भेटले की खडसावते.

शुक्रवार, २ मे

कंडक्टरांच्या पत्नीचा दुकानात फोन आला. त्या म्हणाल्या, "तुम्ही चष्मेवाल्या बाई ना? ते तुमचं नाव घेत होते, म्हणून केला." सोमवारी सकाळी ते पलंगावरून उठायला गेले आणि दोन्ही पाय उठलेच नाहीत. कमरेखाली काहीच कळत नाही, लघवीसाठी नळी घातली आहे. "इंजेक्शन केव्हापासून बंद आहे म्हणून डॉक्टर विचारतायत आणि ते नुसते छताकडे बघतायत. तुम्हाला काही बोलले होते का हो?"

मी म्हटलं, "नाही."

फोन ठेवला आणि तिथेच खाली बसले. ताई आली, पाणी दिलं. काय झालं ते मी तिला सांगितलं, पण अर्धंच.

शनिवार, ३ मे

दुकान बंद केल्यावर ताईने शटर आतून ओढलं. म्हणाली, "छोटी, खुर्चीत बस." पंधरा मार्चपासून राहिलेली तपासणी. मी चिडले, पण तिचा आवाज बाबांसारखा लागला म्हणून बसले.

नेहमीचा तक्ता तिने भिंतीवरून काढला आणि दुसरा लावला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर स्वतः काळ्या शाईने काढलेला, मापं अगदी बरोबर, अक्षरं मात्र दुसरी. माझा डावा डोळा तिने तळहाताने झाकला.

वरचं मोठं अक्षर दिसलं. त्याखालची दोन चाचपडत सांगितली. तिसऱ्या ओळीवर मी तोंड उघडलं आणि ओठांवर जुन्या तक्त्याची तिसरी ओळ आली. समोर नुसता करडा धब्बा होता, मधोमध, जिकडे बघावं तिकडे. मी ती जुनी ओळ म्हणून टाकली. हो, म्हणून टाकली! मग तिने एक लाल फ्रेम माझ्यासमोर धरली आणि माझे डोळे आलटून पालटून झाकले. डाव्याने लालभडक. उजव्याने वीट.

ही लाल रंगाची युक्ती मी गिऱ्हाइकांवर शेकडो वेळा केली आहे. डोळ्याच्या मज्जातंतूला सूज आली की लाल विटतो, हे मी लोकांना समजावून सांगते. मी व्यापाऱ्याला झापलं, ट्यूब बदलली, छपाईला नावं ठेवली. चार वर्षांपूर्वीच्या चपला आठवल्या आणि मला रडू आलं.

ताईने खणातून ती करडी डबी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यात गोळ्या मावत नव्हत्या.

"तुला केव्हापासून माहीत?" मी विचारलं.

"फेब्रुवारीत. एका गिऱ्हाइकाला डबी द्यायला काढली, तर आत खुळखुळ वाजलं. परत ठेवून दिली."

"मग बोलली का नाहीस?"

ती बराच वेळ बिजागरीशी चाळा करत राहिली. म्हणाली, "तू गात होतीस गं. किती वर्षांनी. मला ते बंद करवलं नाही. रोज ठरवायची, उद्या बोलेन." मग पदराने नाक पुसलं. "चूक माझी पण आहे."

मी तिला कंडक्टरांचं उरलेलं अर्धं सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारी दोघी जाऊ."

सोमवार, ५ मे

डॉक्टरीणबाईंसमोर डबी उपडी केली. सगळं सांगितलं, कंडक्टरांना काय सांगितलं तेही, तारखेसकट. त्यांनी माझे आकडे संगणकावर उघडले आणि बोट १.४ वर ठेवलं. म्हणाल्या, "हे योगाने नाही झालं. गोळ्या थांबल्या म्हणून झालं. ज्यांना आपण आवरून धरलं होतं, त्या पेशी सुटल्या. ज्या दिवशी तुम्ही खूश होतात, त्याच दिवशी घाबरायला हवं होतं."

मी विचारलं, "मग योग खोटा?"

त्या वैतागल्या. "झोप लागली ना? चालणं सुधारलं ना? त्याचं जे आहे ते त्याला द्या. पेशींच्या आत त्याने काय होतं तेच तर आम्ही शोधत होतो. तुम्हा दोघांचे आकडे आता काढून टाकावे लागतील. अकरामधले दोन." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग डोळ्यांत बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. आजपासून तीन दिवस शिरेतून औषध, नंतर नवीन गोळी. नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. तोपर्यंत मी नंबर काढायचा नाही.

कंडक्टरांच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. इंजेक्शन नेमकं केव्हा थांबलं ते कळल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, हे आधी कळायला हवं होतं. दोन मेला त्यांच्या पत्नीने मला हेच विचारलं होतं.

मंगळवार, १३ मे

कंडक्टरांना भेटून आले. खिडकीजवळचा पलंग, पायांवर पांढरी चादर, त्या चादरीखाली काहीच हलत नव्हतं. त्यांच्या पत्नी स्टुलावर बसून होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फोनवर खोटं बोलले तेही. त्या ऐकत होत्या. मग उठल्या आणि पाण्याची बाटली भरायला बाहेर गेल्या. बाटली भरलेलीच होती.

कंडक्टर म्हणाले, "बाई, तिकीट मी माझ्या हाताने फाडलं. तुम्ही नुसता रस्ता सांगितलात."

"चुकीचा सांगितला," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. त्यांनी मला धीर द्यायला नाही म्हटलं नाही, हे बरं झालं. मग म्हणाले, "डोळ्याचं काय?" मी म्हटलं, मधोमध करडं दिसतं. म्हणाले, "मग आमच्याकडे बघताना जरा कडेने बघत जा." आम्ही दोघंही हसलो नाही. उजव्या पायाचा अंगठा काल किंचित हलला, असं परिचारिका म्हणाली. त्यांना स्वतःला तो हललेला कळला नव्हता.

निघताना त्यांनी सरांची चौकशी केली. खुर्चीत बसून करता येतील अशा हालचाली विचारून घ्या म्हणाले. त्यांच्या पत्नी दारात भेटल्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मीही बोलायला लावलं नाही.

शुक्रवार, ६ जून

पुढचा वर्ग मंगळवारपासून सुरू झाला, नवीन लोकांचा. सरांनी मला बोलायला बोलावलं. उदाहरण म्हणूनच, पण त्यांना हवं होतं त्याहून वेगळं. मी उभी राहून सांगितलं. आकडा, डबी, तक्ता, कंडक्टर, सगळं. मागच्या रांगेत चाकांच्या खुर्चीत ते स्वतः होते, पत्नीने आणून बसवलेले. मी संपवलं. मग त्यांचा आवाज आला, "चला, पुढे सरका. डोळे मिटा, श्वास घ्या." सरांसकट सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. भ्रामरीत माझा आवाज थोडा चिरका लागला, पण लागला.

आता दुकानात नंबर ताई काढते आणि मी मागे भिंगं घासते. डाव्या डोळ्याने आणि बोटांनी ते जमतं. नवीन गोळीने तोंड लाल होत नाही, पण हातपाय गार पडतात. घेते. डबी ताईने गिऱ्हाइकाला देऊन टाकली.

दर शुक्रवारी दुकान बंद झालं की ती नवा तक्ता करून भिंतीवर लावते. कॅलेंडरची पानं संपली, आता मिठाईच्या खोक्याचे पुठ्ठे कापते. लावेपर्यंत मला दाखवत नाही, आणि वाचून झालं की फाडून टाकते. मे महिन्यात मी दुसऱ्या ओळीवर थांबत होते. आज तिने डावा डोळा झाकला आणि मी सावकाश वाचलं. तिसऱ्या ओळीतली दोन अक्षरं सांगितली. तिसऱ्या अक्षराला मी म्हटलं, "दिसत नाही."

"बरोबर," ताई म्हणाली, आणि तपासणीच्या वहीत दोनच लिहिली.